सायकलची भीती आणि आईचा प्रश्न : धोका नेमका कुठे असतो?

"काही होत नाही गं आई." लांबच्या रस्त्यावर सायकल घेऊन निघालेला आपल्या वस्त्यांमधला जवळजवळ प्रत्येक तरुण घरी हेच एक उत्तर देतो. हे उत्तर खोटे आहे आणि आईला ते खोटे असल्याचे पक्के माहीत असते. ट्रकखाली सापडलेल्या माणसाची चार ओळींची बातमी ती रोज वाचते, गल्लीतल्या कोणाचा तरी पाय अपघातात गेलेला तिने पाहिलेला असतो. अशा बाईला "काही होत नाही" म्हणणे म्हणजे तिचा अनुभव मोडीत काढणे. मग ती गप्प बसते, पण पोरगी परत येईपर्यंत दाराकडे बघत राहते. किंवा सायकलची चावीच लपवून ठेवते.

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) परिसरात आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, तिथली मुले-मुली आता रविवारी सकाळी गट करून सायकलने वेरूळच्या लेण्यांपर्यंत जाऊन येतात. पालकांच्या बैठकीत शिक्षण, शिष्यवृत्ती, व्यसन हे विषय संपले की हमखास सायकलचा विषय निघतो. या प्रश्नाकडे 'जुन्या पिढीची उगाच काळजी' म्हणून बघू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालकांची भीती खरी आहे. फक्त ती सगळ्या रस्त्यावर सारखीच पसरलेली असते आणि धोका मात्र सगळ्या रस्त्यावर सारखा नसतो. धोका कुठे जास्त, कुठे कमी, त्यातले आपल्या हातात काय आणि काय नाही, हे कार्यकर्त्यांना नीट मांडता आले पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

या भीतीला एक इतिहासही आहे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेक वडिलांनी वाळूजच्या, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पाळी करायला वर्षानुवर्षे सायकल मारली आहे. रात्रपाळी संपवून अंधारात, दिवा नसलेल्या सायकलवर, डबा हँडलला लटकवून. तेव्हा कोणी त्यांना 'सायकलिस्ट' म्हटले नाही आणि हेल्मेट घाला असेही कोणी सांगितले नाही. "आम्ही मजबुरीने चालवली, तू हौसेने का चालवतोस?" हा त्यांचा सवाल निरर्थक नाही. सायकल टाकून मोटारसायकल घेणे ही त्यांच्या दृष्टीने प्रगती होती. पोरगा हप्त्यावर बारीक टायरची सायकल घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर जातो, तेव्हा त्यांना आपण मागे चाललो आहोत असे वाटते. हे मनातले बोलणे आधी ऐकून घ्यावे. आकडे त्यानंतर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मेली. मृतांमध्ये मोटारसायकल-स्कूटरवरचे लोक सुमारे 44 टक्के, पायी चालणारे सुमारे 19 टक्के आणि सायकलस्वार सुमारे 3 टक्के होते.

हा तीन टक्क्यांचा आकडा घेऊन लगेच आईकडे धावत जाऊ नका. सायकलवरून होणारा एकूण प्रवास मोटारसायकलच्या मानाने फार कमी आहे, त्यामुळे मृतांमधला वाटाही कमी दिसणारच. या आकड्यावरून 'सायकल पंधरा पट सुरक्षित' असे कोणी म्हणत असेल तर तो आकड्यांशी खेळतो आहे. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच हे शिकवतात, तरी मोठमोठे लोक ही चूक करतात.

तरीही त्या आकड्यांतून एक गोष्ट घरात बोलण्यासारखी निघते. पोरगा अठरा वर्षांचा झाला की कर्ज काढून त्याला मोटारसायकल घेऊन देणारे घर सायकलला मात्र घाबरते. मोटारसायकलची सवय झाली आहे, म्हणून तिचा धोका दिसेनासा झाला आहे. साधे गणित बघा. वेग वाढला की आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 25 किलोमीटर वेगाने पडणारा माणूस आणि ताशी 60 ने पडणारा माणूस यांच्या धडकेत पाच पटींहून अधिक फरक पडतो. सायकलवरून स्वतःच्या चुकीने पडले तर बहुतेक वेळा खरचटते, मनगट दुखावते, फार तर खांद्याजवळचे हाड मोडते. अपवाद असतात, पण सायकलस्वाराचा जीव जातो तो बहुधा दुसऱ्या, वेगाने येणाऱ्या जड वाहनामुळे. म्हणून आईचा "सायकल धोक्याची आहे का?" हा प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागतो : माझे पोर वेगवान, जड गाड्यांच्या सोबत रस्त्याचा किती भाग आणि कोणत्या वेळी वाटून घेते?

याचे उत्तरही त्याच सरकारी अहवालात सापडते. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण 2022 मधले सुमारे 36 टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले (यात द्रुतगती मार्गही धरले आहेत). सुमारे 70 टक्के मृत्यूंमागे अतिवेगाचे कारण नोंदले आहे. सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी 6 ते रात्री 9 या तीन तासांत झाले. आणि वळणावर धोका, सरळ रस्त्यावर निर्धास्त, हा आपला समजही खोटा ठरतो : सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत. सरळ रस्ता दिसला की चालक पाय दाबतो. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता हे सगळे वेरूळच्या रस्त्यावर लावून बघू. शहरातून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट, कागझीपुरा, खुलताबाद आणि वेरूळ. आई-वडिलांसमोर बसून हा रस्ता कागदावर काढावा. पडेगावपासून शरणापूरपर्यंत ट्रक आणि बसची वर्दळ असते. इथे एकामागे एक चालायचे, गप्पा मारत शेजारी-शेजारी नाही. दौलताबादला जुन्या रस्त्यावर तटबंदीतला अरुंद दरवाजा लागतो. त्यातून मोठे वाहन येत असेल तर सायकल बाजूला घेऊन थांबायचे, घुसायचे नाही. घाट चढताना वेग कमी असतो, त्यामुळे धाप लागते पण धोका कमी. तोच घाट परत उतरताना खरी परीक्षा असते. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी येणाऱ्यांची गर्दी असते. त्या दिवशी हा रस्ता सोडून द्यावा. रविवारी दुपारनंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात, म्हणून उजाडताच निघून दहाच्या आत घरी पोचायचे. (लेणी बघायची असतील तर मंगळवार टाळा, वेरूळ त्या दिवशी बंद असते.)

उजाडताच म्हणजे उजेड झाल्यावर. 'पहाटे चारला निघालो की रस्ता मोकळा' असे काही जण फुशारकीने सांगतात. रस्ता मोकळा असतो हे खरे, पण त्याच वेळी रात्रभर गाडी हाकलेल्या चालकाच्या डोळ्यांवर सगळ्यात जास्त झोप असते. मोकळ्या रस्त्यावर झोपेत असलेला एक चालक पुरेसा आहे. आणि दौलताबादजवळून समृद्धी महामार्ग जातो. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकलला तर आहेच. रीलसाठी तिथे चढणाऱ्याला गटातून काढा, एवढेच आम्ही म्हणू.

आई-वडिलांना असा रस्ता समजावून सांगितला की एक बदल दिसतो. "जाऊ नको" हे वाक्य "त्या फाट्यावर नीट जा, पोचल्यावर फोन कर" असे होते. भीती संपत नाही, पण तिला जागा मिळते.

चालवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे गैरसमज फार आहेत. पालकांची सगळ्यात जुनी सूचना म्हणजे "अगदी कडेने चालव". हेतू चांगला आहे, सल्ला अर्धवट आहे. आपल्याकडे डांबराची कड तुटलेली असते, खाली खडी आणि एक वीतभर उतार असतो. तिथे चाक घसरले की सायकल रस्त्याच्या आत पडते, गाडीसमोर. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागचा चालक समजतो, जागा आहे, आणि अंग घासून निघून जातो. म्हणून कडेपासून दोन-अडीच हात आत, सरळ रेषेत, डावीकडे-उजवीकडे न वळवळता चालवावे. तुम्ही पुढे काय करणार हे चालकाला कळले पाहिजे. वळायच्या आधी मागे बघणे आणि हात दाखवणे, हे ब्रेकइतकेच महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट ट्रकची डावी बाजू. चौकात ट्रक किंवा बस थांबलेली असते, तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये सायकल जाईल एवढी फट असते आणि मोह होतो. तिथे जायचे नाही. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला त्या जागेतला सायकलस्वार दिसतच नाही. तो डावीकडे वळला की मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि फट बंद होते. मागे थांबा, चालकाला आरशात दिसेल असे थांबा. पोराला एकच नियम शिकवायचा असेल तर आम्ही हा शिकवू.

उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिखल होतो. त्या दिवशी घाट नको. कानात इअरफोन नको. रेल्वे रूळ तिरके ओलांडले तर बारीक टायर अडकतो, सरळ काटकोनात ओलांडा. कुत्रे मागे लागले तर जोरात पळवण्यापेक्षा वेग कमी करून, गरज पडल्यास उतरून सायकल मध्ये धरावी.

हेल्मेटबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2016 मध्ये जगभरातील 40 अभ्यास एकत्र तपासले; त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी आढळली. आपल्याकडे सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, म्हणून कोणी अडवणार नाही, आईने अडवावे. घेताना ईएन 1078 हे प्रमाण बघावे, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पण हेल्मेट ट्रकपासून वाचवत नाही, हेही सांगायला हवे. मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा आणि परावर्तक पट्ट्या असलेले जाकीट हे चालकाला तुम्ही वेळेत दिसावे यासाठी असते. ताशी 60 ने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. चालकाला तुम्ही एक-दोन सेकंद आधी दिसलात, तर तेवढ्यात सगळा फरक पडतो. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायच्या ब्रेव्हे नावाच्या सायकल मोहिमा आपल्या राज्यातही होतात. तिथेही हेल्मेट आणि रात्रीसाठी दिवे-जाकीट याशिवाय सोडत नाहीत. मुरलेले सायकलस्वार ज्या गोष्टीला बंधन मानत नाहीत, ती आपल्या पोरांनी भित्रेपणा का मानावी?

मुलींच्या बाबतीत मात्र 'काळजी' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. एक भीती अपघाताची. दुसरी, मुलगी एकटी दूर गेली, पॅन्ट घालून गेली, लोकांनी बघितले, कोणी छेडले तर काय, याची. पहिल्या भीतीला रस्ता, वेळ आणि दिवा हे उत्तर आहे. दुसरीला नाही. भावाला रविवारी मोकळीक आणि बहिणीला ट्रकचे कारण, असे ज्या घरात होते तिथे ट्रक हे निमित्त असते. आम्ही बैठकीत सरळ विचारतो : "मावशी, ट्रक मुलगा बघून थांबतो का?" हशा होतो, मग खरे बोलणे सुरू होते. छेडछाडीची भीती खोटी नाही, त्यासाठी गटाने जाणे, ठरलेले थांबे, 112 क्रमांक आणि घरच्यांचा "तुझी चूक नव्हती" हा आधार लागतो. छेड काढली हे घरी सांगितले तर सायकल बंद होईल, ही मुलीची भीती सगळ्यात आधी संपवायला हवी.

सायकल मुलीच्या आयुष्यात काय करते याचा पुरावा आहे. बिहारमध्ये 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल असलेल्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. न चालवण्याचीही किंमत असते, ती फक्त वर्तमानपत्रात छापून येत नाही. तब्येतीचेही तसेच. नेदरलँड्समधील एका अभ्यासात (2010) गाडी सोडून सायकल धरली तर व्यायामामुळे आयुष्य 3 ते 14 महिन्यांनी वाढते आणि अपघातांच्या वाढीव धोक्यामुळे 5 ते 9 दिवसांनी घटते, असा हिशेब निघाला. तिथले रस्ते तिथले आहेत, आपल्याकडे हा हिशेब इतका गोड निघणार नाही. पण चाळिशीत मधुमेह आणि रक्तदाब लागलेली माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, हेही पारड्यात टाकावे.

आणि तरी अपघात झालाच तर? हा प्रश्न आई मोठ्याने विचारत नाही, म्हणून आपणच काढावा. 108 ला रुग्णवाहिका, 112 ला पोलीस. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. कुलूप लावलेला मोबाइल बेशुद्ध माणसाच्या कामाचा नसतो. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता धरू नये : मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. मोटार वाहनाने झालेल्या अपघातात जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळावेत, अशी केंद्राची योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली आहे. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर आणि जागेचे फोटो घ्या, एफआयआरची प्रत मागून घ्या, उपचाराची प्रत्येक पावती जपा. सायकलस्वार हा विम्याच्या भाषेत तिसरा पक्ष असतो. गाडीच्या विम्यातून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, तो वेळ न घालवता करावा. गाडी पळून गेली तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50 हजार रुपयांची तरतूद आहे. अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र असलेल्यांना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आपल्या किती घरांना माहीत आहे?

जे आपल्या हातात नाही ते लपवू नये. दिवा, हेल्मेट, वेळ सगळे पाळूनही दारू पिऊन गाडी चालवणारा आडवा येऊ शकतो. इथे एकट्याची शिस्त संपते आणि सार्वजनिक मागणी सुरू होते. आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जाणारा नेदरलँड्स पूर्वीपासून असा नव्हता. 1971 मध्ये तिथे रस्त्यावर 3 हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. त्यातून 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांचे खून थांबवा', ही चळवळ उभी राहिली. अपघातात मूल गमावलेले आणि गमवण्याची भीती असलेले पालक त्यात पुढे होते. त्यांनी रस्ते अडवले, निवेदने दिली, वेगळ्या सायकल मार्गांची मागणी लावून धरली. म्हणजे घाबरलेली आई ही चळवळीतली अडचण नसते.

आपल्याकडे सुरुवात छोटी असू शकते. शाळेजवळ गतिरोधक आणि वेगमर्यादेचा फलक, तुटलेल्या कडा भरणे, बंद पथदिवे, चौकातले जाळीचे नाले ज्यांच्या सळ्यांत सायकलचे चाक अडकते. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकामचा की राष्ट्रीय महामार्गाचा हे आधी शोधावे, नाहीतर निवेदन महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. जागेचा फोटो, किलोमीटरचा दगड आणि मागच्या अपघाताची तारीख जोडावी. अशा निवेदनावर पहिली सही आई-वडिलांची घ्यावी, मुलांची नंतर.

आणि पालकांना 'नाही' म्हणण्याचा हक्क राहू द्या, फक्त तो कशासाठी हे आधी ठरवा. आमच्या गटांमध्ये घरच्यांशी बसून ठरलेले असे आहे : अंधारात निघणार असेल तर नाही, ब्रेक तपासलेले नसतील तर नाही, हेल्मेट नसेल तर नाही, पावसात घाट नाही, आदल्या रात्री झोप झाली नसेल तर नाही, आणि गटात तीनपेक्षा कमी जण असतील तर महामार्ग नाही. दौलताबादला एक फोन, वेरूळला एक फोन, परत निघताना एक. चढावर फोन लागला नाही तर अर्धा तास थांबायचे, मग गटातल्या दुसऱ्याला लावायचा. हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेले असतात.